न कळता पोचलेली परतफेड

न्यायनिर्णयाकडेही निबंध म्हणून पाहता येते. ‘लंडन अँड काउंटी बँकिंग कंपनी विरुद्ध लंडन अँड रिव्हर प्लेट बँक’ हा इंग्लंडमधील १८८८ सालचा निर्णय असाच वाचण्याजोगा आहे.

हकीकत थोडक्यात अशी. रिव्हर प्लेट बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने बँकेच्या ताब्यातील वाहकास देय असलेले रोखे चोरले. दलालामार्फत ते काउंटी बँकेकडे तारण ठेवून कर्ज उचलले गेले. पुढे त्या बँकेलाही फसवून रोखे सोडविले आणि गुपचूप जागच्या जागी ठेवून दिले. ते गेले केव्हा, आले केव्हा, रिव्हर प्लेटला गंधवार्ताही नाही! लबाडी उघडकीस आल्यावर काउंटी बँकेने रोख्यांवर हक्क सांगितला.

उच्च न्यायालयात ती हरली, अपिलातही हरली. तर्क असा, की चोरावर माल परत करण्याचे दायित्व होते, त्या दायित्वाची फेड हाच मोबदला. मग स्वीकाराचे काय? लाभाची गोष्ट धनी स्वीकारतोच, असे गृहीत धरावे.

हे गृहीतक मला पटत नाही. अधिकाऱ्याला जे ठाऊक होते ते बँकेला ठाऊक नव्हते, कारण तो तिलाच फसवीत होता. मान्य. परंतु त्याच्याच हाताने ठेवलेले रोखे मात्र बँकेला रीतसर ‘पोचले’! डोके परके आणि हात तेवढा आपला, हे कसे?

आपल्या पेढ्यांवरील शहाजोग हुंडीत पैसे प्रतिष्ठित ‘शहा’लाच द्यावयाचे, तेव्हा आणणारा कोण हे पाहणे देणाऱ्यावर असे. (आज मराठीत ‘शहाजोग’ म्हणजे साळसूदपणाचा आव आणणारा, शब्दाचेही नशीब असते.) १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढीस हात लावला नाही. अर्थात वाहक-रोखा ही हुंडी नव्हे. तो रोकडीसारखा हातोहात फिरतो. प्रत्येक हाताची चौकशी करीत बसल्यास व्यवहारच थांबेल.

म्हणून निकाल योग्यच होता. अन्यथा आपल्याच तिजोरीतील ऐवज आपला आहे, अशी खात्री कोणत्या बँकेला देता आली असती? दोन्ही पक्ष निर्दोष, दोघांनीही मोल दिलेले, आणि ऐवज प्रामाणिकपणे एकाच्या ताब्यात. तेव्हा तो त्याच्याकडेच राहू द्यावा, एवढे न्यायाधीशांनी सरळ लिहिले असते तर चालले असते. न कळता केलेल्या स्वीकाराची कल्पना त्यासाठी उभी करण्याची गरज नव्हती.