व्यवसायाचा रकाना आणि कुलकथा

ॲलिसन लाइट यांचा ‘कॉमन पीपल’ (२०१४) हा ग्रंथ वरवर पाहता एका इंग्रज कुटुंबाचा इतिहास आहे. परंतु त्याचे संघटनतत्त्व वंशापेक्षा व्यवसाय हे आहे. सुया घडविणारे, गवंडी, खलाशी, मोलकरणी असे हे पूर्वज औद्योगिक इंग्लंडमध्ये रोजगारामागे गावे बदलत गेले. साहजिकच कूळ आणि मूळ गाव यांचे गृहीत नाते येथे ढळते. मागे जमीनजुमला वा पत्रव्यवहार न ठेवणाऱ्या अशा माणसांची ओळख बव्हंशी जनगणनेतील व्यवसायाच्या रकान्यावरून पटवावी लागते.

मात्र हा रकाना म्हणजे निखळ वास्तव नव्हे. तीही एक संहिताच होय. १८४१च्या जनगणनेत पत्नीचा व्यवसाय नोंदण्याची आवश्यकता नाही, अशी सूचनाच होती. आईवडिलांच्या धंद्यात विनावेतन राबणारी मुलेही वगळता येत. म्हणजे कोरी जागा श्रमाचा नव्हे, नोंदीचा अभाव दर्शविते. केवळ व्यवसायाचा माग काढणारा वंशशोधक त्यामुळे नकळत पुरुषांचीच परंपरा रचतो. वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या आणि मनोरुग्णालयात निवर्तलेल्या पणजीचे आयुष्य लाइट जुळवितात, तेव्हा त्या रकान्याची मर्यादा उघड होते. कुलकथेची विश्वासार्हता अशा रिक्त जागा कल्पनेने बुजविण्यात नसून त्यांचे कारण वाचण्यात आहे.