मसुदा कुणाचा, सही कुणाची?

बँकेतल्या पत्राची एक गंमत असते. लिहितो एकजण, टाइप करतो दुसरा आणि खाली सही असते तिसऱ्याची. माझे कित्येक मसुदे साहेबांच्या सहीने वर गेले आणि 'पत्र मुद्देसूद आहे' ही दाद साहेबांना मिळाली. तेव्हा ड्यूक एलिंग्टनची 'फार ईस्ट स्वीट' ही रेकॉर्ड मी ऐकतो ती संगीतातला जाणकार म्हणून नव्हे (आम्ही बी.कॉम., तेही सेकंड क्लास), एक मसुदेवाला म्हणून.

आधी हिशेब मांडतो. रेकॉर्डवर माणसं पंधरा. ट्रम्पेट चार, ट्रॉम्बोन तीन, सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवाले पाच, एक बेस, एक ड्रम्स आणि पियानोवर खुद्द ड्यूक. चाल सुचली की संगीतकार सुटला, असं आपल्याला वाटतं. बिग बँडमध्ये खरी हमाली तिथून पुढे. पंधराजणांत चाल कुणी म्हणायची, तिच्याखाली कुणी कोणता सूर धरून ठेवायचा आणि मुख्य म्हणजे कुणी गप्प बसायचं, हे सगळं कागदावर उतरवावं लागतं. त्याला म्हणतात अरेंजमेंट. ट्रम्पेटवाले एका गटात, ट्रॉम्बोनवाले दुसऱ्या, अशी खातेनिहाय वाटणी केली की काम सोपं. एलिंग्टन खातीच मोडायचा. १९३० च्या 'मूड इंडिगो'मध्ये, एरवी सगळ्यांच्या डोक्यावर बागडणाऱ्या क्लॅरिनेटला त्याने तळाशी बसवलं आणि तळाच्या ट्रॉम्बोनला उचलून वर ट्रम्पेटच्या शेजारी नेलं. शिपाई केबिनमध्ये, मॅनेजर दाराशी, आणि शाखेचं काम मात्र सुधारलेलं! शिवाय त्याच्या बँडच्या कागदांवर 'ट्रम्पेट नंबर दोन' असं लिहिण्याऐवजी बरेचदा वादकाचं नावच असे. हुद्द्यासाठी न लिहिता माणसासाठी लिहायचं. मला 'काउंटर चार' म्हणून हाक येते, त्यामुळे हे वाचून मी जरा हळवा झालो.

पण हे मसुदे साहेब एकटे लिहीत नव्हते. १९३८ च्या अखेरीस भेटलेला बिली स्ट्रेहॉर्न पुढे जवळजवळ तीस वर्षं शेजारच्या टेबलावर होता. बँडची ओळख ठरलेली 'टेक द ए ट्रेन' ही धूनच मुळी त्याची. १९४१ साली रॉयल्टीच्या भांडणामुळे एलिंग्टनच्या रचना रेडिओवर बंद झाल्या आणि स्ट्रेहॉर्न त्या संस्थेचा सभासद नसल्यामुळे त्याच्या चालू राहिल्या, म्हणून ती पुढे आली. कलेच्या इतिहासात अकाउंट्स खात्याचं योगदान फार दुर्लक्षित आहे.

१९६३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने बँडला दौऱ्यावर धाडलं. सीरिया, अफगाणिस्तान, भारत, इराण वगैरे. दिल्लीत ड्यूक आजारी पडला तेव्हा पियानोवर स्ट्रेहॉर्न बसला, म्हणजे ऑफिशिएटिंग. नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली आणि तुर्कस्तानातून मंडळी परतली. या दौऱ्याचा अहवाल म्हणजे ही रेकॉर्ड, डिसेंबर १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली. नऊ तुकडे. नाव 'फार ईस्ट', आणि त्यात अतिपूर्वेचा तुकडा एकच, जपानचा. तोही १९६४ च्या वेगळ्या सफरीचा. दिल्लीच्या खोलीबाहेर गाणारी मैना इथे 'ब्लूबर्ड' झाली आहे. निळी मैना निदान मी तरी पाहिलेली नाही. पण जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटमधून ती एकच तान पुन्हा पुन्हा घेते आणि खाली बँड रंग बदलत राहतो. पक्ष्याला त्याचं सोयरसुतक नाही. हे अगदी खरं वाटतं.

'आग्रा' ऐकायला बसलो तो ताजमहालाचं पोस्टकार्ड येणार या भीतीने. आला हॅरी कार्नीचा जाडजूड बॅरिटोन सॅक्सोफोन. संगमरवराला असा घोगरा, भारदस्त आवाज देणं हे धाडस आहे आणि ते साधलं आहे. कार्नी या बँडमध्ये १९२७ ते १९७४ होता. सत्तेचाळीस वर्षं एकाच शाखेत! त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला त्याचा श्वास किती पुरतो हे पाठ असणारच.

सगळ्यांत सुंदर 'इस्फहान'. जॉनी हॉजेस आल्टो सॅक्सोफोनवर एकेक सूर मधात बुडवून काढतो. बाकीचे त्याच्यामागे पडद्यासारखे हलतात. आता गोम ऐका. ही चाल स्ट्रेहॉर्नची, आणि दौरा निघण्यापूर्वीच तयार होती; तेव्हा तिचं नाव होतं 'एल्फ'. म्हणजे प्रवासाआधीच सादर केलेलं टी.ए. बिल! आमच्याकडे यावर मेमो मिळाला असता. मी मात्र ते बिनतक्रार पास करतो. उलट 'ॲड लिब ऑन निप्पॉन' हा एलिंग्टनचा एकट्याच्या नावावरचा तुकडा. अकरा मिनिटांच्या वर चालतो, मध्ये सैलावतो, पण सुरुवातीचा पियानो ऐकून कळतं की साहेबांना स्वतःलाही लिहिता येत होतं, आणि चांगलं येत होतं. हे सर्वच साहेबांबद्दल म्हणता येत नाही.

बँडमध्ये टेनर सॅक्सोफोनवर एक पॉल गोन्साल्विस आहे. आडनावावरून म्हापशाचा वाटेल, पण त्याचे आईवडील केप व्हर्डेचे. गोव्याचे गोन्साल्विस इकडे मुंबईत होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही माणसं हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत व्हायोलिनांनी काय करायचं आणि ट्रम्पेटने केव्हा बोलायचं, ते कागदावर लिहून द्यायची. लेबलवर नाव संगीतकाराचं. अँथनींचं नाव घरोघर पोचलं ते १९७७ साली त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या जोडीने संगीत दिलेल्या एका विनोदी गाण्यातून, आणि बहुतेक श्रोत्यांना तो अंडं फोडून बाहेर पडणारा अमिताभच वाटला.

'फार ईस्ट'वर निदान आठ तुकड्यांना दोन्ही नावं आहेत. कुठल्या ओळी कुणाच्या, हे जॉइंट अकाउंट उघडून पाहण्याची सोय नाही. स्ट्रेहॉर्न ३१ मे १९६७ ला वारला, एक्कावन्नाव्या वर्षी. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस एलिंग्टनने बँड बोलावून एक रेकॉर्ड सुरू केली, सगळ्या रचना स्ट्रेहॉर्नच्या. तीत शेवटी 'लोटस ब्लॉसम' आहे. काम संपलंय, मंडळी वाद्यं पेट्यांत भरताहेत, त्यांच्या गप्पा टेपवर ऐकू येतात. ड्यूक पियानोवरून उठलेला नाही. हळूहळू गप्पा थांबतात. तो तीच चाल पुन्हा पहिल्यापासून धरतो.