‘मोजले’ या क्रियापदाची जबाबदारी

विज्ञानविषयक मराठी लेखनात ‘मोजले’ हे क्रियापद फार सहजतेने वापरले जाते. कापड मोजले, ताप मोजला आणि कृष्णविवराचे परिवलनही मोजले! या तिन्ही क्रिया एका जातीच्या नाहीत, हे सांगण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केलेला एनजीसी १३६५ या दीर्घिकेविषयीचा शोधनिबंध या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. ग्विदो रिसालिती व सहकाऱ्यांनी ‘एक्सएमएम-न्यूटन’ आणि ‘न्यूस्टार’ या क्ष-किरण दुर्बिणींनी २०१२ मध्ये तिचे एकाच वेळी निरीक्षण केले. तिच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराचे परिवलन कमाल मर्यादेच्या किमान ८४ टक्के आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. असा आकडा ‘प्रकाशवेगाचे इतके टक्के’ म्हणून वाचणे हा अर्थविपर्यास होय. तो वेग नसून कोनीय संवेगाचे प्रमाण आहे.

दुर्बिणीने प्रत्यक्षात मोजली ती केवळ क्ष-किरणांची ऊर्जा. पुढे अनुमानांची साखळी सुरू होते. विवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीवर क्ष-किरण आदळले की तिच्यातील लोहाचे अणू ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उजळतात. प्रचंड कक्षागती आणि गुरुत्वाकर्षण यांमुळे ती वर्णरेषा फाकते व कमी ऊर्जेकडे तिची शेपटी ओढली जाते. शेपटी लांब, तर तबकडीची आतली कड विवराच्या जवळ. परिवलन नसेल तर शेवटची स्थिर कक्षा श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असते. विवर तबकडीच्याच दिशेने कमाल फिरत असेल तर ती त्या त्रिज्येच्या निम्म्यावर येते. तबकडी या कक्षेपर्यंतच पोहोचते, हे येथे गृहीत धरलेले असते.

मोडी दप्तरे चाळणाऱ्यांना यातला पेच ओळखीचा वाटेल. अक्षर फाकलेले दिसते खरे. पण ते लिहितानाच फाकले, की पुढे कागदाला ओल लागली? लान्स मिलर व जेन टर्नर यांनी २०१३ मध्येच दुसरा पक्ष मांडला. वाटेतील वायूच्या दाट ढगांनी शोषलेल्या व विखुरलेल्या किरणांतूनही असाच वर्णपट घडू शकतो, असे त्यांचे म्हणणे. ‘न्यूस्टार’ने १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपलीकडचा भाग दाखवल्याने पहिल्या वाचनाला बळ मिळाले, हे मान्य करावे लागेल, परंतु बळ मिळणे म्हणजे वाद मिटणे नव्हे. २०२३ मध्ये अवकाशात गेलेली ‘एक्सरिझम’ दुर्बीण अरुंद रेषा रुंद रेषेपासून वेगळ्या करू शकते. वादाचा निवाडा अशाच साधनांनी व्हायचा आहे.

हा काटेकोरपणा म्हणजे शब्दच्छल नव्हे. परिवलनात विवराच्या वाढीचा इतिहास साठलेला असतो. एकाच दिशेने दीर्घकाळ आलेले द्रव्य परिवलन वाढवते. वाटेल त्या दिशांनी आलेले थोडेथोडे द्रव्य ते घटवते. शिवाय वेगाने फिरणारे विवर त्याच द्रव्यातून अधिक ऊर्जा बाहेर टाकत असल्याने ते अधिक उजळ दिसते, आणि निरीक्षणासाठी उजळच निवडले जाते. मोजक्या उदाहरणांवरून ‘बहुतेक विवरे वेगाने फिरतात’ असे विधान करणे म्हणून धाडसाचे ठरते.

‘मोजले’ हा शब्द टाकून द्यावा, असा आग्रह नाही. त्याच्याजवळ ‘अमुक गृहीत धरल्यास’ एवढे तीन शब्द असावेत. त्यांनी वाक्य थोडे लांबेल. परंतु वाचकाला निष्कर्षाबरोबर त्याची शंकाही मिळेल, आणि तीवर त्याचा तितकाच हक्क आहे.