सिटी चर्च : जागा देणारे आणि तिथे नांदणारे

वरोऱ्यात बसून आज आपण पुण्याच्या एका चर्चबद्दल बोलू. नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळचं कॅथलिक 'सिटी चर्च'. त्याचा इतिहास जसा सांगितला जातो, त्याबद्दल आमची तक्रार आहे.

चर्च म्हटलं की इंग्रज, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण या चर्चची स्थापना १७९२ची, आणि पेशवाई बुडाली १८१८मध्ये. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी ही जागा दिली. कॅम्पातलं सेंट पॅट्रिक चर्च आयरिश शिपायांसाठी उभं राहिलं ते नंतर, इंग्रजी अमलात.

इथवर ठीक. पण बहुतेक सांगणारे पेशव्यांच्या औदार्यापाशी येऊन थांबतात. औदार्य आम्ही नाकारत नाही. तरी बघा, १७९२मध्ये सवाई माधवराव अवघे अठरा वर्षांचे, कारभार नाना फडणीसांच्या हाती. परमुलखातला शिपाई टिकवायचा, तर त्याचं लग्न, मुलाचा बाप्तिस्मा, मेल्यावर माती, यांची सोय धन्याला बघावीच लागते. शिपायाने चाकरी दिली, सरकारने जागा दिली. याला नुसतं दान कसं म्हणायचं? यात व्यवहारही आहे. आणि व्यवहारात दोन्ही बाजू ताठ मानेनं उभ्या असतात.

'दान' म्हटलं की देणारा कर्ता होतो आणि घेणारा कायमचा पाहुणा. सव्वादोनशेहून अधिक वर्षं तिथे प्रार्थना करणारी, ते सांभाळणारी माणसं वाक्यातून गळून जातात. मग त्यांच्याच नातवंडांना "तुम्ही मूळचे कुठले हो?" असं विचारताना आपली जीभ अडत नाही.

तुम्ही म्हणाल, याचं वरोऱ्याला काय? आनंदवनाची जमीनही सरकारनेच दिली होती ना! पण आनंदवनाचा इतिहास आपण तेवढ्यावर संपवतो का? मुळीच नाही. बाबा आमटे, साधनाताई आणि ती पडीक जमीन कसायला उभे राहिलेले कुष्ठरुग्ण, यांचा तो इतिहास आहे, हे इथलं पोरगंसुद्धा सांगेल.

तोच न्याय सिटी चर्चला लावा, एवढंच आमचं म्हणणं. जागा कुणी दिली, ते पहिल्या ओळीत जरूर लिहा. पुढचं सगळं पान तिथे नांदलेल्यांचं.