अजिंठ्याची वाट आणि जामनेरची गाडी

जळगावहून अजिंठ्याला निघालेली बस नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर अशी जाते. जामनेर तिच्या डाव्या हाताला राहून जाते. या तालुक्याच्या गावात पाहण्यासारखे काय, असे विचारले तर गावकरी जरा थांबतात, शेंदुर्णीच्या त्रिविक्रम मंदिराचे नाव घेतात आणि मग अजिंठ्याकडेच बोट दाखवतात. गेली काही वर्षे मी खानदेशातील प्रेक्षणीय स्थळे एकेक करून पाहतो आहे. पाठीशी ना विद्यापीठ, ना प्रकल्पाचा निधी. एसटी आणि वही एवढीच साधने. या हिंडण्यातून एक प्रश्न पक्का होत गेला. एखादी वस्तू ‘वारसा’ आहे की ‘भंगार’, हे आपण कोणत्या मापाने ठरवतो?

हे माप समजून घ्यायचे तर आधी आपली गाजलेली स्थळे कशी सांगितली जातात ते ऐकावे. अजिंठ्यात १८१९ साली शिकारीला आलेला जॉन स्मिथ भेटतो. त्यानंतर येतात मेजर रॉबर्ट गिल आणि पारो. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ने ही कथा मराठी घरांत पोहोचवली आणि त्यात वाईट काहीच नाही. पण १८४४पासून गिलने वर्षानुवर्षे केलेल्या नकला, १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत झालेली त्यांची राख, हा कामाचा भाग प्रेमकथेच्या मागे दडतो. चाळीसगावला केकी मूस यांच्या घरीही तेच. त्यांनी टेबलावर मांडणी करून टिपलेली छायाचित्रे पाहण्याआधीच, प्रेयसी येणार म्हणून रोज रात्री गाडीची वाट पाहणारा कलावंत आपल्या कानांवर पडलेला असतो.

पाटणादेवीचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. तिथे पर्यटकाला भास्कराचार्यांची कन्या लीलावती आणि तिचा चुकलेला लग्नमुहूर्त ऐकवला जातो. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती सोळाव्या शतकातील फैजीच्या फारसी भाषांतरातून पुढे आली. पाटणला खरोखर जे सापडले, तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे तो सांगतो. त्याच्या शेवटच्या भागात, जुन्या मराठीत, मठासाठी बाजारातून काय काय द्यायचे याची तरतूद आहे. तेलाच्या घाण्याचाही त्यात वाटा आहे. म्हणजे गणिताची ती पाठशाळा व्यापारी आणि तेली यांच्या देण्यावर चालायची होती. आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरणाऱ्याला घाणा लिहावासा वाटला. आज गोष्ट सांगणाऱ्याला तो सांगावासा वाटत नाही.

माझा आक्षेप इथे आहे. राजा, देव किंवा विरह यांपैकी एक तरी असल्याशिवाय आपल्याकडे स्थळ ‘प्रेक्षणीय’ होत नाही. या मापात जामनेर बसणे शक्य नाही. जामनेरची कथा काळ्या जमिनीची आणि कापसाची आहे.

१८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. त्याच सुमारास मुंबईहून निघालेला रेल्वेचा मुख्य मार्ग खानदेशात पोहोचला आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या गावांचा माल मात्र बैलगाडीवरच राहिला. ती उणीव भरून काढण्यासाठी आली पाचोरा-जामनेर रेल्वे, म्हणजे आपली ‘पी.जे.’. पहिले महायुद्ध संपता संपता, १९१९च्या सुमारास, ती सुरू झाली. रूळांमधले अंतर अडीच फूट, मार्गाची लांबी सुमारे ५६ किलोमीटर. मालकी किलिक निक्सन या व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती. वऱ्हाडातील ‘शकुंतला’ही याच कंपनीची. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा ही या मार्गावरची ठिकाणे. गंमत अशी, की अजिंठ्याला या मार्गावरचे सर्वांत जवळचे स्थानक पहूर. तरीही अजिंठ्याच्या कथेत पी.जे.ला जागा मिळाली नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशभरातील गाड्या थांबल्या, तशी पी.जे.ही थांबली. इतर गाड्या पुन्हा धावू लागल्या. ही धावली नाही. आता या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर आणि पुढे बोदवडपर्यंत विस्तार असा सुमारे ८४ किलोमीटरचा प्रकल्प आहे.

त्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. जामनेरच्या विद्यार्थ्याने, रुग्णाने, शेतकऱ्याने आमच्या आठवणींसाठी रखडत प्रवास का करावा? ब्रॉडगेज ही इथल्या लोकांची रास्त गरज आहे. प्रश्न जुनी गाडी चालू ठेवण्याचा नाही, तिची नोंद कशी होणार याचा आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दार्जिलिंग १९९९मध्ये, निलगिरी २००५मध्ये आणि कालका-सिमला २००८मध्ये गेली. तिन्ही डोंगर चढणाऱ्या, साहेबाला थंड हवेकडे नेणाऱ्या. त्यांची अभियांत्रिकी थोर आहेच. पण सपाटीवर कापूस, सरकी आणि बाजारकरी वाहणाऱ्या बार्शी लाइट, शकुंतला, पी.जे. यांपैकी एकही त्या यादीत नाही. चढणीची रेल्वे वारसा, सपाटीची रेल्वे अडगळ, असा हा हिशोब आहे.

तो जगभर असाच आहे असेही नाही. कॅनडाच्या गवताळ सपाट प्रदेशात, मॅनिटोबा प्रांतातील इंग्लिस या छोट्या गावी रेल्वेच्या शाखामार्गालगत धान्य साठवण्याची पाच उंच लाकडी कोठारे ओळीने उभी आहेत. ना किल्ला, ना देऊळ. गहू भरायचा आणि वाघिणीत ओतायचा एवढेच त्यांचे काम होते. त्या देशाने त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले. तिथल्या सपाटीला गहू, इथल्या सपाटीला कापूस. फरक जमिनीत नाही, बघणाऱ्याच्या मापात आहे.

हे माप बदलण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही म्हणता येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७पासून धुळ्यात उभे आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी शेतात आणि जात्यावर जन्मली. घरातल्यांनी ती वेळीच वहीत उतरवली, सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांपुढे ठेवली, आणि बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, पुस्तक निघाले. ती वही नसती तर खानदेशाचा सर्वांत मोठा वारसा त्या माउलीबरोबरच गेला असता. ते जपण्यासाठी ना निधी लागला, ना फलक. ऐकणारा कान आणि लिहिणारा हात पुरला.

पी.जे.साठीही सुरुवात तेवढ्यावरच करता येईल. नव्या जामनेर स्थानकात एक खोली असावी. तिच्यात जुन्या रूळाचा एक तुकडा, जाड पुठ्ठ्याची तिकिटे, हातकंदील, वेळापत्रके, कापसाच्या पावत्या ठेवाव्यात. त्याहून निकडीचे म्हणजे फाटकवाला, गँगमन, जिनिंगमधली मजूर बाई, गाठी उचलणारा हमाल यांचे बोलणे त्यांच्याच तावडी बोलीत टिपून घ्यावे. रूळ भंगारात गेले तरी त्यांचे मोजमाप कागदावर राहील. ही माणसे मात्र आज सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांची वही अजून कोणी उघडलेली नाही.