‘उजळलेला’ मेंदू आणि न उचलवणारा हात

पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत यावी म्हणून व्यायाम दिले जातात. त्या काळात मेंदूच्या प्रेरक बाह्यकात काय घडते, हे आता प्रतिमांच्या साहाय्याने अभ्यासिले जाते. या संशोधनाच्या सुलभ मराठी निवेदनात ‘हात हलविताच मेंदूचा अमुक भाग उजळतो’ अशा धर्तीचे वाक्य वारंवार आढळते. त्याचे परीक्षण येथे करावयाचे आहे. प्रश्न केवळ शब्दलालित्याचा नाही. अशा वाक्याने रुग्णाच्या घरी आशा वा निराशा निर्माण होते, आणि व्यायाम चालू राहणे वा सुटणे त्यावर अवलंबून राहू शकते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय अनुस्पंदनाचा संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले. या प्रतिमांचा पाया तोच होय. यंत्र चेतापेशींचे कार्य प्रत्यक्ष पाहत नाही. त्या कार्यामागून काही सेकंदांनी रक्तप्रवाहात होणारा बदल ते टिपते. विश्रांती व हालचाल या अवस्थांतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला, तरच त्या जागी रंग भरला जातो. तेव्हा मेंदूत उजेड पडत नाही, आणि रंगहीन भागात अंधारही नसतो.

दुसरे असे की, ‘उजळणे’ या क्रियापदास मराठीत उत्कर्षाची छटा आहे. भाग्य उजळते, चेहरा उजळतो. साहजिकच रंग जितका अधिक तितकी सुधारणा अधिक, असा ग्रह होतो. संशोधन तसे सांगत नाही. बऱ्या झालेल्या हाताची बोटे हलविताना मेंदूच्या दोन्ही बाजूंस कार्यवाढ होते, असे १९९१ मध्ये शोले व सहकाऱ्यांना आढळले. पुढे २००३ मध्ये वॉर्ड व सहकाऱ्यांनी ८ रुग्णांची पुनःपुन्हा तपासणी केली. आरंभी अनेक प्रेरक क्षेत्रांत पसरलेले कार्य, हाताची मूठ सुधारत गेली तसतसे बहुतांशी ओसरत गेले. म्हणजे रंग कमी होणे हेही प्रगतीचे चिन्ह असू शकते; ‘उजळणे’ या शब्दात त्यास जागा नाही.

आता लोकभाषेकडे वळू. शिराळ्याच्या परिसरात, महाराष्ट्रात इतरत्रही, या आजारास ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. कारणमीमांसा म्हणून हा प्रयोग चुकीचाच, कारण बिघाड अंगात नसून मेंदूत असतो. तथापि त्याच बोलीतला पुढचा उद्गार मोलाचा आहे : ‘माझ्याने हात उचलवत नाही.’ व्याकरणात यास शक्य क्रियापद म्हणतात. ‘उचलत नाही’ म्हटले असता इच्छेचा अभाव सूचित होऊ शकतो; ‘उचलवत नाही’ यात इच्छा गृहीत धरून सामर्थ्याचा अभाव सांगितला जातो. रुग्णाचा खरा प्रश्न याच क्रियापदात असतो. प्रतिमेचे उत्तर मात्र वेगळ्या प्रश्नाचे असते. यंत्राच्या अरुंद पोकळीत डोके निश्चल ठेवावे लागते. खांद्यापासून हात उचलल्यास ते हलते व प्रतिमा बिघडते. म्हणून अशा प्रयोगांत बहुधा मूठ आवळणे वा बोटे हलविणे एवढेच करून घेतात. वारणाकाठी भाताची लावणी करणाऱ्या हातास खांदा, कोपर व मनगट यांचा मेळ लागतो. अवरक्त किरणांच्या पद्धतीत बसून हात हलविता येतो. पण तिची दृष्टी बाह्यकाच्या वरच्या थरापलीकडे फारशी जात नाही.

यावरून प्रतिमा निरर्थक ठरत नाहीत. इजेनंतर प्रौढ मेंदूही कार्याची फेरमांडणी करतो, या मतास त्यांनी भक्कम आधार दिला आहे. आक्षेप आहे तो निवेदनावर. ‘हात हलविताना या भागातील रक्तप्रवाहात, विश्रांतीच्या तुलनेने, फरक आढळला’ हे वाक्य लांब आहे, पण खरे आहे. सुधारणेचा निर्णय मात्र हात कोठवर उचलवतो, पेला किती वेळ धरवतो, यावरच व्हावा. त्यासाठी लागणारी क्रियापदे मराठीत पूर्वीपासून सिद्ध आहेत.