खिंडीत गाठलेला सिनेमा

सिनेमाच्या नावात आकडा असला की आधी बेरीज करून बघावी, हा आमचा कारकुनी बाणा. '३००' हा सिनेमा या परीक्षेत सपशेल नापास होतो. इसवी सनापूर्वी ४८० साली थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनायडस इराणच्या बादशहाला, झर्क्सिसला, अडवायला उभा राहिला. शेवटच्या दिवशी त्याच्याबरोबर तीनशे स्पार्टावाले होते हे खरंच. पण थेस्पिया नावाच्या गावचे सातशे लोकही तिथेच थांबले आणि तिथेच मेले, असं हेरोडोटस लिहून गेला आहे. थीब्जचे लोक होते ते वेगळे. म्हणजे नुसत्या स्पार्टा-थेस्पियाची बेरीज हजार! आता हजार म्हटलं की नाव बदला, पोस्टरं पुन्हा छापा. त्यापेक्षा सातशे माणसं वगळणं स्वस्त पडलं असावं. लग्नात राबणाऱ्या गरीब नातेवाइकांचं फोटोत जे होतं, तेच थेस्पियाकरांचं इतिहासात झालं.

अर्थात दिग्दर्शक झॅक स्नायडरने इतिहास वाचायला घेतलाच नव्हता. त्याने घेतलं होतं फ्रँक मिलरचं ग्राफिक नॉव्हेल. ग्राफिक नॉव्हेल म्हणजे काय, तर पुठ्ठ्याची बांधणी करून किंमत चौपट केलेलं कॉमिक. तेच लपूनछपून वाचलं तर मार, आणि पुठ्ठा घातला की साहित्य! हे १९९८ साली पाच अंकांत आलं. रंग लिन व्हार्ली या बाईंचे. स्नायडरने त्यातली चित्रं जवळजवळ जशीच्या तशी पडद्यावर उतरवली आणि २००७ साली सिनेमा थेटरांत लागला. समुद्र, कडे, खिंड, आभाळ सगळं नंतर संगणकावर रंगवलेलं. नट बिचारे मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे सुमारे साठ दिवस ओरडत होते.

आम्हा कर्जत-खालापूरकरांना या गोष्टीचं नवल नाही. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली आमच्याकडे स्टुडिओ उभारला, तेव्हापासून किल्ले उगवताना आणि मावळताना बघायची इकडच्या डोळ्यांना सवय आहे. 'जोधा अकबर'साठी अख्खा आग्र्याचा किल्ला कर्जतला आला होता. अकबराला जे बांधायला वर्षं लागली, ते इकडे प्लॅस्टरमध्ये झटपट झालं. तेव्हा खोट्या खिंडीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या खिंडीत काय घडतं याबद्दल.

सिनेमा आम्ही घरी टीव्हीवर पाहिला. खोपोलीचा भाचा सुट्टीला आला होता, त्याने आग्रह धरला. "मामा, एकेक फ्रेम म्हणजे पेंटिंग आहे!" पहिल्या दहा मिनिटांतच आत्यांनी जपमाळ खाली ठेवून विचारलं, "अरे, यांना कपडे का दिले नाहीत?" प्रश्न रास्त होता. खरे स्पार्टावाले काशाची चिलखतं घालून लढत. इथे मात्र लाल उपरणं आणि चामड्याची लंगोटी एवढ्यावर सगळं सैन्य निघालेलं. छाती उघडी, पोटावर लादीपावासारखे चौकोन. असल्या वेषात हे वीर आमच्या घाटात उतरले असते तर शत्रूची गरजच नव्हती. करवंदीच्या जाळ्यांनी परस्पर निकाल लावला असता.

लढाईची तऱ्हा सांगायची तर कर्जत स्टेशन डोळ्यांपुढे आणावं. गाडी थांबते. मागून इंजिनं लागतात. माणसं सावकाश उतरून वडे घेतात, खातात, हात पुसतात. आणि मग एकदम धक्का बसून गाडी घाटाला लागते. सिनेमातला भालाही असाच निघतो: हातातून सुटताना कर्जत, छातीत शिरताना एक्सप्रेस, बाहेर येताना पुन्हा कर्जत. रक्त उडतं तेही संगणकाचं. हवेत शाईसारखं फुलतं आणि बहुतेक वेळा जमिनीवर न पडताच नाहीसं होतं. एवढी माणसं मेली, पण पुसायला फडकं लागलं नाही! या कलाकुसरीला मात्र दाद दिली पाहिजे. रंग मधासारखा, रचना चित्रासारखी, आणि मुंडकंसुद्धा तालात उडतं.

दिग्दर्शकाची आणखी एक हुशारी कबूल करायला हवी. ही सारी गोष्ट डिलिऑस नावाचा एक शिपाई पुढच्या लढाईआधी आपल्या सैन्याला सांगतो आहे. म्हणजे तो त्यांचा शाहीर. त्यामुळे झर्क्सिस दोन मजले उंच, त्याचे शिपाई राक्षसांसारखे, हे सगळं शाहिरी मीठमसाल्यात जमा करता येतं. पण आपला शाहीर शत्रूला मोठा करतो तो त्याच्या बळाने. इथला शाहीर शत्रूचं माणूसपणच काढून घेतो. फितूर कोण, तर कुबड असलेला माणूस. जणू पाठीचा कणा वाकडा म्हणून इमान वाकडं. २००७ मध्ये इराणी लोक या सिनेमावर चिडले ते उगाच नाही. आपले पूर्वज कुणी असे दाखवले असते, तर आपण काय खुर्च्या शाबूत ठेवल्या असत्या?

सिनेमा संपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आपल्याकडे अशी खिंड पाहिजे होती."

हा मुलगा राहतो खोपोलीला! तिथून पालीकडे जाताना आत वळलं की चावणी लागतं आणि तिथे, खालापूर तालुक्यातच, उंबरखिंड आहे. अंबा नदीच्या पात्रात स्मारकही आहे. २ फेब्रुवारी १६६१ला शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान कुरवंड्याचा घाट उतरून गुपचूप कोकणात निघाला. फौज वीस हजारांच्या आसपास होती असं सांगतात. गुपित एवढं पक्कं, की शिवाजीमहाराज आधीच येऊन बसले होते. फौज खिंडीत पुरती शिरू दिली आणि मग पुढची वाट बंद, मागची बंद, वरून बाण, गोळ्या आणि दगडधोंडे. माणसं पडली, पण खऱ्या अर्थाने लढाई जिंकली ती तहानेने. खान कोंडला गेला. तेव्हा त्याच्याच फौजेतल्या रायबागन या सरदारबाईंनी त्याला खडसावलं, की आता शरण जा आणि माणसं वाचव. खानाने ऐकलं. महाराजांनी खंडणी घेतली, सामानसुमान ठेवून घेतलं आणि उरलेल्या हजारो माणसांना जिवंत जाऊ दिलं.

हे आपल्याला सांगितलं कवींद्र परमानंदाने 'शिवभारता'त. तोही दरबारचा कवी, त्यालाही मीठमसाला वर्ज्य नव्हता. पण त्याने सगळ्यात शहाणं भाषण दिलं ते शत्रूच्या बाजूच्या एका बाईला. डिलिऑसला हे जमलं नाही.

आणखी एक हिशेब बघा. १३ जुलै १६६०ला घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. तीनशे मावळे घेऊन, असं शाळेपासून ऐकत आलो, आकडाही तोच! पण बाजी मरायला उभे राहिले नव्हते, राजा विशाळगडावर पोचावा म्हणून उभे राहिले होते. त्यानंतर सात महिने पुरे व्हायच्या आत त्याच राजाने दुसरी खिंड निवडली, आणि ती अशी निवडली की यावेळी आपल्या बाजूने कुणाला बाजी व्हावं लागू नये. पहिल्या खिंडीवर २०२२ साली 'पावनखिंड' हा चित्रपट निघाला, तो निघायलाच हवा होता. पण मरण्याची खिंड आपल्याला तोंडपाठ आणि जिंकण्याची खिंड दाराशी असून ठाऊक नाही, हे काही बरं नाही. स्नायडरच्या सिनेमाचा खरा दोष रक्त नव्हे. मरणं हाच पराक्रम, असं तो पोरांना फार देखणं करून सांगतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि नव्या पिढीचा रोखठोक प्रश्न टाकला, "पण मामा, मग स्लो मोशनमध्ये दाखवणार काय?"

मी म्हटलं, "दिवसभर कोंडलेला एक मोगल शिपाई सुटतो, अंबेच्या पाण्यापाशी येतो आणि ओंजळ तोंडाला लावतो. तेवढं दाखव. हवं तितकं हळू."